एक माणूस जास्त

१२ मार्च

गेले ३१, आले ३२.

बावीस वर्षं हे शहर लोकांना दाखवतोय. माणूस कमी भरण्याचे प्रसंग पाच-सहा तरी आले असतील. कुणी संग्रहालयाच्या स्वच्छतागृहात अडकतं, कुणी जुन्या पुलावर फोटो काढत मागे राहतं, आणि मग आमची धावाधाव. पण माणूस जास्त भरायची ही पहिलीच वेळ. बस डेपोपाशी टूर संपवताना सवयीने डोकी मोजली तर बत्तीस. पुन्हा मोजली, तरी बत्तीस. मग उलगडा झाला. एक आजोबा फुकटात घुसले होते! पांढरा सदरा, पायात चपला, गळ्यात शिंप्याची टेप. घड्याळाच्या मनोऱ्यापासून, म्हणजे अगदी पहिल्या थांब्यापासून, माझ्या पिवळ्या छत्रीला चिकटून होते. मला वाटलं कुणाचे तरी वडील असतील, आणि ज्याला त्याला वाटलं दुसऱ्या कुणाचे तरी असतील. बागेत बिस्किटं वाटली तेव्हा त्यांनीही दोन घेतली. माझ्या पुलाच्या विनोदाला सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. (बाकी कुणी हसलं नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.)

काहीही विचारा, उत्तर एकच, "मी छत्रीपाशीच आहे." छत्री डावीकडे नेली की आजोबा डावीकडे, उजवीकडे नेली की उजवीकडे. लोकांची हसून पुरेवाट झाली.

शेवटी विचारलं, "आजोबा, जायचंय कुठे?" म्हणाले, "दुकान उघडायचंय." डेपोत एक बस सुटतच होती. तिच्यात चढवून दिलं आणि कंडक्टरला म्हटलं, "आजोबांना त्यांच्या दुकानापाशी उतरवा हो." खिडकीतून हात बाहेर काढून विचारत होते, "छत्री?" मी म्हटलं, "छत्री माझी आहे, आजोबा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुडघा दुखतोय. चहा दोनदा झाला.

२ ऑगस्ट

साहेबांनी बोलावलं. उद्यापासून पायी टूर बंद. पाहुण्यांच्या कानात एक यंत्र घालणार, मनोऱ्यासमोर उभं राहिलं की ते आपोआप बोलतं. मी विचारलं, "मग डोकी कोण मोजणार?" साहेब म्हणाले, "मोजायचीत कशाला? आता कुणी हरवत नाही. प्रत्येकाच्या खिशात नकाशा असतो."

छत्री त्यांनी परत मागितली नाही. घरी आणली, माळ्यावर टाकली. हिने पाट सरकवून जेवायला वाढलं. मी जेवलो कसा ते मला ठाऊक.

२१ सप्टेंबर

दीड महिना घरी बसून हिचं डोकं खाल्लं. ही इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर आहे, दिवसभर लोकांचा जीव वरखाली झालेला ऐकते आणि घरी येऊन माझा ऐकते. आज म्हणाली, "अहो, मनोरा, पूल आणि संग्रहालय सोडून तुम्हाला या शहरातलं काही येतं की नाही?"

आधी झोंबलं. मग वही घेऊन बसलो. टपाल कचेरीची गच्ची, तिथून सगळं शहर फुकट दिसतं आणि वर चिटपाखरू नसतं. कापडबाजाराचा मागचा गोल जिना. पाण्याच्या टाकीखालची घुमणारी खोली, जिथे एका भिंतीशी कुजबुजलं तर समोरच्या भिंतीला ऐकू येतं. पहाटेचा कागदबाजार. दुपारपर्यंत चाळीस जागा झाल्या. जे एकदा शहर पाहून गेलेत आणि पुन्हा येतात, त्यांना काय दाखवायचं? हे! टूरचं नाव ठेवलं 'हरवलेलं शहर'. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

४ ऑक्टोबर

छापखान्याने घात केला. कार्डावर हवं होतं, 'हरवलेलं शहर शोधून दाखवतो'. छापून आलं, 'हरवलेलं शोधून दाखवतो. एकदा येऊन गेलेल्यांसाठी खास'. मधलं शहरच गायब! पाचशे कार्डं. छापखानेवाला म्हणतो, "काका, उलट जास्त वजनदार झालंय." त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा कार्डं वाटलेली बरी. स्टेशनवर, लॉजच्या काउंटरवर ठेवून आलो.

१६ ऑक्टोबर

पहिला फोन! बाईंचा आवाज, बाहेरगावच्या. म्हणाल्या, "कार्ड मिळालं. हरवलेलं खरंच शोधून दाखवता का?"

"अहो ताई, तेच तर आमचं काम."

"आम्ही एकदा येऊन गेलोय."

"मग खास तुमच्यासाठीच आहे!"

मग म्हणाल्या, "शनिवारी येते."

हिला सांगितलं तर हिने विचारलं, "आवाज कसा होता?" आता आवाज कसा असणार? बाईसारखा.

२२ ऑक्टोबर

बाई पंचेचाळिशीच्या असतील. खांद्याला कापडी पिशवी, फार बोलत नाहीत. मी उत्साहाने टपाल कचेरीच्या गच्चीवर नेलं. तिथून लोक डोंगर पाहतात, नदी पाहतात. या बाई कठड्याला टेकून खालच्या रस्त्यावरची माणसं पाहत राहिल्या. अर्धा तास! मी विचारलं, "मागच्या वेळी काय काय पाहिलंत?"

"मनोरा. तेवढाच. नंतर अर्ध्यात राहिलं."

"मग पूल, संग्रहालय काहीच नाही?"

"नाही."

मी म्हटलं, मग आधी ते दाखवतो, अगदी स्वस्तात. तर नको म्हणाल्या. "तिथे सगळेच जातात. जिथे कुणी बघत नाही तिथे न्या." असं गिऱ्हाईक लाखात एक. मला आमच्या साहेबांना ओढत आणून दाखवावंसं वाटलं.

जाताना विचारलं, "इथे हाताने शिवणारे जुने शिंपी कुठे बसतात?" बघा, किती बारीक नजर! माहीत नव्हतं, पण म्हटलं पुढच्या वेळी नक्की.

१९ नोव्हेंबर

बाई पुन्हा आल्या. मी त्यांना मनात पुन्हाबाई म्हणतो.

महिनाभर चपला झिजवून शिंप्यांच्या माड्या शोधल्या. एकूण चार. कापडबाजाराच्या गोल जिन्याने वर गेलं की एक माडी लागते, पायाने चालवायची पंधरा-वीस मशीन एका दमात चालतात. तिथे मी माझं भाषण सुरू केलं, हातशिलाईचा इतिहास वगैरे. पुन्हाबाई ऐकतच नव्हत्या. प्रत्येक मशीनपाशी जायच्या, वाकून चेहरा पाहायच्या आणि पुढे. शेवटच्या मशीनवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय शिवायचंय, बाई?" तर म्हणाल्या, "काही नाही. आवाज ऐकायला आले होते. हा आवाज आला की माणूस आपोआप आत येत असेल, नाही?"

म्हातारा म्हणाला, "येतात की, मशीनचा आवाज सुटत नाही आमच्यातल्या कुणाला."

मग त्यांनी पिशवीतून एक फोटो काढून त्याला दाखवला. मी लांब होतो. म्हातारा मान हलवत होता, नाही म्हणून. मी समजलो, एखादी जुनी शिलाई ओळखायला आणली असेल.

घरी येऊन 'शिंप्यांची माडी' हा वेगळा थांबा यादीत टाकला. बाकी एकही फोन नाही. एका गिऱ्हाईकावर हा डोलारा किती दिवस उभा राहणार, मला कळत नाही. पण ती एक आली की वाटतं, बावीस वर्षं फुकट गेली नाहीत.

१० डिसेंबर

आज पुन्हाबाईंना जुन्या पुलामागे नेलं. तिथे रोज दुपारी कुणीही रांगेत उभं राहावं, फुकट जेवण मिळतं. त्यांनीच विचारलं होतं, अशी जागा आहे का म्हणून. मी म्हटलं, यात पाहण्यासारखं काय? तर त्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, मग उलट. नंतर पुलाच्या पायरीवर बसून पाणी प्यायल्या. डोळ्यांवर हात धरून बसून राहिल्या. मी विचारलं, ऊन लागलं का? हो म्हणाल्या. ऊन काही नव्हतं.

११ जानेवारी

आज म्हणाल्या, "मनोऱ्यापाशी जाऊ या." मला आनंद झाला. मनोरा म्हणजे माझं माहेर, तिथलं मी झोपेतही सांगेन. पण त्यांना इतिहास नको होता. चौकाच्या मधोमध उभ्या राहून त्या गोल फिरल्या आणि मला म्हणाल्या, "इथे सरबतवाला कुठे बसायचा?"

"कुठेच नाही. इथे फेरीवाल्यांना बंदी आहे, वीसेक वर्षं झाली."

"पण पिवळी छत्री होती. मोठी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

"ताई, दुसरा चौक असेल."

"दादा, हाच."

पाहुण्यांची आठवण अशीच असते. दहा वर्षांनी येतात आणि पूल डावीकडे होता म्हणून माझ्याशी भांडतात. मी वाद घातला नाही. नुसतं विचारलं, "त्या छत्रीचं काय?"

"तिथे एका माणसाला उभं केलं होतं. मी आलेच म्हणून."

"मग भेटले का ते?"

"अजून नाही."

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, चला, पुन्हाबाईंना विनोदही जमतो. त्याही किंचित हसल्यासारख्या वाटल्या.

१२ जानेवारी

काल हिला जेवताना बाईंचा विनोद सांगितला, छत्रीचं वगैरे पाल्हाळ लावलं नाही. हिचा घास हातातच राहिला.

"अजून नाही म्हणाल्या? आणि तुम्ही हसलात?"

"विनोद होता तो."

"अहो, शिंपी काय, फुकटच्या जेवणाची रांग काय! ती बाई फिरायला येत नाही. तिचं कुणीतरी हरवलंय. तुमच्या कार्डावर काय छापलंय ते एकदा वाचा."

कार्ड वाचलं. हरवलेलं शोधून दाखवतो. तीन महिने एक बाई माझ्याकडे कशासाठी येतेय आणि मी तिला गच्चीवरून डोंगर दाखवतोय.

पुढच्या वेळी विचारणार. पण विचारून काय करणार? मी इमारती दाखवणारा माणूस. मला माणूस शोधता येत नाही.

८ फेब्रुवारी

लिहायला बसलोय पण काय लिहू.

आज नेमकं दुसरं गिऱ्हाईकही होतं, एक निवृत्त जोडपं, तिसऱ्यांदा शहर पाहायला आलेलं. त्यांच्यासमोर बाईंना विचारणं बरं दिसेना. म्हटलं, टूर संपली की चहा पाजू आणि विचारू. टपाल कचेरीच्या गच्चीवर गेलो. जोडप्यातले गृहस्थ जांभया देत होते. खाली डेपो दिसत होता, बस वळत होत्या. मला वाटलं काहीतरी करून यांना जागं ठेवावं. म्हणून आजोबांचा किस्सा काढला. फार चालायचा हा किस्सा, टूर बंद होईपर्यंत डेपोपाशी रोज सांगायचो. गेले एकतीस, आले बत्तीस. सगळ्या नकला केल्या. छत्री डावीकडे, आजोबा डावीकडे. मान वाकडी करून तो आवाज काढला, "मी छत्रीपाशीच आहे."

गृहस्थ हसले. त्यांची बायको हसली. मागून बाई म्हणाल्या, "छत्री कसली होती?"

मी हसतच वळलो. "माझीच की. पिवळी. गर्दीत लांबून दिसावी म्हणून—"

तिथे थांबलो. माझ्याच तोंडून ते बाहेर पडलं आणि माझ्याच कानात शिरलं.

"सदरा पांढरा?"

"हो."

"गळ्यात टेप?"

"हो, ताई."

त्या गच्चीवरच खाली बसल्या. फोटो काढून माझ्यापुढे धरला. मी पाहिला. तेच.

"मी पाणी आणायला गेले होते," म्हणाल्या. "बाबांचं हल्ली काही लक्षात राहत नव्हतं. म्हटलं, बाबा, या छत्रीपाशी उभे राहा, ती सोडू नका. गर्दीवर नुसती छत्री दिसली, मला वाटलं सरबतवाल्याची. मला काय माहीत छत्री चालणारी आहे म्हणून. सात मिनिटांत आले, तर छत्रीही नाही आणि बाबाही नाहीत."

जोडपं कधी निघून गेलं मला कळलं नाही.

मी म्हटलं, "आधीच का नाही सांगितलंत हो?"

"सांगितलं की सगळे चौकीवर पाठवतात. तिथे फोटो लावून वर्ष होत आलं. आणि सांगितलं की पहिलं विचारतात, हात कुणी सोडला? भाऊ तर आता बास म्हणतो. तुम्हाला शहराच्या सांदीकोपऱ्यांची माहिती आहे, म्हटलं निदान तेवढं तरी पाहून होईल." मग फोटो पुसून पिशवीत ठेवला. "वर्षभर घरी सांगतेय, मी उभं केलं होतं, तेच कुठेतरी गेले. ते कुठे गेलेच नव्हते हो, दादा. दिवसभर ऐकलं त्यांनी माझं."

मी बसचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठली बस?"

मला आठवत नाही. सुटत होती, एवढंच आठवतं. आजोबांना घरी जायची घाई असेल असं मी धरून चाललो. घाई मला होती. गुडघा दुखत होता. एकतीस माणसं घेऊन गेलो होतो, एकतीसचा हिशोब लागला की माझं काम संपलं. एक कमी असता तर मी पूर्ण शहर पालथं घातलं असतं. एक जास्त होता, त्याला मी टाळ्यांच्या गजरात कटवलं.

कंडक्टरचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. टोपी आठवते. टोपी सगळेच घालतात.

९ फेब्रुवारी

सकाळी डेपोत गेलो. एकोणीस मार्गांच्या बस सुटतात. जुन्या नोंदी पाहायला मागितल्या. खिडकीतला माणूस सज्जन होता, त्याने फळीवरचं रजिस्टरही काढलं. म्हणाला, "काका, यात बस किती वाजता सुटली ते असतं. आत कोण बसलं ते कोण लिहितं?" १२ मार्चला मी अंदाजाने सांगितलेल्या अर्ध्या तासात सहा मार्गांच्या बस सुटल्या. वेळ मला नक्की सांगता येईना, म्हणून पुन्हा एकोणीसच.

हिने रजा काढलीय. सकाळपासून फोनला चिकटून आहे, शहरातल्या एकेका इस्पितळातल्या ऑपरेटरला लावतेय. सगळ्या तिच्या ओळखीच्या, आवाजाने. "सत्तरीचे, पांढरा सदरा, गळ्यात टेप. हो, गेल्या मार्चपासून आजपर्यंत. थांबते मी." थांबते, ऐकते, मान हलवते, कागदावर काट मारते. माझ्याकडे बघत नाही. रागाने नाही, तिला माहीत आहे मला बघवणार नाही.

दुपारी बाई घरी आल्या. ही वही मी त्यांच्यापुढे ठेवली. आता त्यांना पुन्हाबाई लिहवत नाही.

त्यांनी १२ मार्चचं पान दोनदा वाचलं. 'मोठ्याने हसले' या शब्दांवर बोट ठेवून विचारलं, "खरंच हसले?"

"हो."

"काय विनोद होता?"

सांगितला. त्यांना हसू आलं नाही. त्या विनोदात तसं काही नाहीच. म्हणाल्या, "त्यांना कमी ऐकू यायचं. समोरचा हसला की हसायचे."

मग आपली छोटी वही काढली आणि ते पान उतरवून घ्यायला लागल्या. एकेक शब्द. मी म्हटलं, फाडून देतो. नको म्हणाल्या. बिस्किटं दोन, हे लिहिताना थांबल्या. "म्हणजे दिवसभर उपाशी नव्हते." मी मान डोलावली. मान डोलावण्याशिवाय मला येतं काय?

गुडघा आणि चहा इथपर्यंत सगळं उतरवलं. मला लाज वाटली. दोनदा चहा प्यायल्याची नोंद आहे, बसचा नंबर नाही. बावीस वर्षं रोज डोकी मोजून लिहिणारा माणूस मी. नंबर बसच्या कपाळावर हातभर अक्षरात लिहिलेला असतो.

लिहून झाल्यावर त्यांनी वही वाळायला ठेवावी तशी उघडीच ठेवली. मी पाहिलं. 'डेपोत एक बस सुटतच होती' या वाक्यात बसच्या आधी त्यांनी बोटभर जागा सोडली होती.

"हे काय, ताई?"

"आठवला की सांगा. तिथे लिहीन."

ही आतून चहा घेऊन आली. तिघं बसलो. मग बाईंनीच विचारलं की एकोणीस बसपैकी सकाळची पहिली कुठली. ती शेवटच्या थांब्यापर्यंत किती वेळ घेते, तिथे मशीनचा आवाज येईल असं दुकान आहे का. मला माहीत नव्हतं. या शहराचे शेवटचे थांबे मी कधी पाहिलेलेच नाहीत.

उद्या पहिली बस. दारात चपला घालताना म्हणाल्या, "दादा, छत्री आहे ना अजून? घेऊन या."

माळ्यावरून काढली. एक काडी मोडली आहे, रंग थोडा उतरलाय. हिला गल्लीच्या टोकाला उभं करून, उघडून धरली. म्हणाली, लांबून दिसते.